उसाला ठिबक: आमच्या दोन एकरांचा पाच वर्षांचा हिशेब

माढेकर

नमस्कार मंडळी. उसाला ठिबक केल्यापासून एक वही ठेवलीय. मोटार किती तास चालली, खत कधी आणि किती सोडलं, टन किती निघाले, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. परवा शेजारच्या पोरानं बांधावरून विचारलं, "काका, ठिबक परवडतं का?" मी "परवडतं की" म्हणून मोकळा झालो. रात्री वही उघडली तेव्हा वाटलं, पोराला अर्धंच सांगितलं. उरलेलं इथे लिहितोय.

रान माढा तालुक्यात, मध्यम काळं. एक विहीर, तिला आडवं बोअर. दोन एकर ऊस, जात ८६०३२. २०१९ च्या ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागण केली तेव्हा ठिबक बसवलं. पाच फुटी सरी, १६ एमएमची इनलाइन नळी, ४० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचा ड्रिपर. सगळं मिळून बिल १,१६,००० रुपये. तेव्हा आमच्यासारख्या अल्पभूधारकाला ५५ टक्के अनुदान होतं. पण ते सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापावर मिळतं, बिलावर नाही, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. अकरा महिन्यांनी ३८,००० रुपये खात्यात आले. पदरचे ७८,००० गेले.

पहिल्या तोडीला एकरी ४३ टन. पाटपाण्यावर ४१-४२ निघायचाच. घरात दोन दिवस कोणी बोललं नाही.

चूक माझ्याच हातून झाली होती. पंचवीस वर्षं दारं धरलेला, म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत वळवणारा माणूस मी. लाइट आली की मोटार चालू, गेली की बंद, हीच सवय. ठिबकालाही तेच केलं. आठ तासांतले चार तास एका एकराला, चार तास दुसऱ्याला. सरी चिंब दिसली की जीवाला बरं वाटायचं. पुतण्या कृषी पदविकेचा, तो एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसला. एकरात पाच फुटांवर नळी टाकली तर साधारण २,६५० मीटर लागते. ४० सेंटिमीटरला एक म्हणजे ६,६०० ड्रिपर. ताशी २ लिटरनं तासाला १३,२०० लिटर. म्हणजे चार तासांत ५३,००० लिटर, अख्ख्या रानावर पसरलं तर १३ मिलिमीटर. आणि दोन महिन्यांच्या उसाला हिवाळ्यात दिवसाला लागतं दोनेक मिलिमीटर, म्हणजे ८,००० लिटर. ३५-४० मिनिटांचं काम! मी सहापट पाणी पाजत होतो. मुळांना वाफसाच (ओल आणि हवा दोन्ही असलेली माती) मिळत नव्हता, वर सोडलेलं युरियाही मुळांच्या खाली निघून जात होतं.

आता पाटपाण्याशी तुलना करतो, कारण "ठिबकानं अर्धं पाणी वाचतं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. आमची ५ एचपीची मोटार २०० लिटरचा बॅरल ४५ सेकंदांत भरते, म्हणजे ताशी १६,००० लिटर. पाटानं एकर भिजवायला २० तास लागायचे, अडीच दिवसांची लाइट. ते होतं ३ लाख २० हजार लिटर. ऊस लहान असताना चौदा दिवसांनी एक पाणी. तेवढ्याच दिवसांत ठिबकानं मोजून दिलं तर १ लाख १२ हजार लिटरांत भागतं. इथे बचत खरंच मोठी आहे. पण एप्रिल-मेमध्ये ऊस डोक्याच्या वर गेला की त्याला दिवसाला ७ मिलिमीटर लागतं, म्हणजे २८,००० लिटर. दहा दिवसांचं २ लाख ८० हजार. आणि पाटानं दहा दिवसांनी ३ लाख २० हजार. फरक १२-१३ टक्क्यांचा! मोठ्या उसाची तहान नळीनं दिलं म्हणून कमी होत नाही. पिकाचं बालपण हीच ठिबकाच्या बचतीची वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी आपण सढळ हातानं पाणी सोडतो.

दुसरी गोष्ट मापाची. पुतण्यानं एकदा घरातले सहा पेले नेले. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली माती उकरून एकेक पेला बसवला आणि बरोबर सहा मिनिटं मोटार चालवली. ताशी २ लिटरचा ड्रिपर सहा मिनिटांत २०० मिलि द्यायला हवा. सुरुवातीला २०५ भरले, मध्ये १६०, टोकाला ११०. तेव्हा कळलं की पश्चिमेच्या बांधाकडचा ऊस दरवर्षी पिवळा का. रान १४० मीटर लांब आणि सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणारा जाड पाइप, एका टोकाला टाकलेली. आराखडा करणाऱ्यानं रानात पाऊल न टाकता कागदावर रेघ मारली होती. सबमेन मधोमध घेतली, नळ्या दोन्हीकडे ७०-७० मीटर केल्या. खर्च ९,००० रुपये. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फायदा त्या ९,००० चा झाला असं मी छातीठोकपणे सांगतो.

मग पीक बदललं. २०२२ च्या जानेवारीत खोडवा (तोडीनंतर बुडख्यांना परत फुटलेला ऊस) एकरी ४० टन. पाटावर खोडवा कधी २९ च्या वर गेला नव्हता. दोन एकरांत २२ टन जास्त. तोड-वाहतूक वजा जाता तेव्हा हातात टनाला २,४०० च्या आसपास यायचे, म्हणजे ५०,००० च्या वर. पुढची लागण ५४ टन (जानेवारी २०२४), तिचा खोडवा ४६. विद्राव्य खतांचा खर्च एकरी सहा-सात हजारांनी वाढला हे खरं, पण युरिया आणि पांढरं पोटॅश आठवड्याला थोडं थोडं व्हेंचुरीतून (नळीच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) जातं आणि दोन सऱ्यांच्या मधली जागा कोरडी राहते, त्यामुळे एक खुरपणी वाचली. आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जाणं संपलं. याची किंमत वहीत कशी लिहायची? आमच्या शिवारात दारं धरताना साप चावून एक जण गेला. त्याच्या घरी विचारा ठिबक परवडतं का.

आता जे बोलायचंय ते. पाणी वाचलं म्हणून मी २०२१ मध्ये आणखी एक एकर ऊस केला. शेजाऱ्यानं दीड वाढवला. शिवारात आज बहुतेकांच्या उसाला ठिबक आहे. पण २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४ च्या मार्चमध्ये विहिरीनं तळ दाखवला. पूर्वी दुष्काळातसुद्धा एप्रिल निघायचा. म्हणजे माझ्या वहीत पाणी वाचलेलं दिसतंय आणि विहिरीत ते नाही. मला यावर मोकळेपणानं बोलायचंय. तुमच्याकडे काय अनुभव?

केळीबाग_यावल

भाऊ, पेल्यांची कल्पना उद्याच करून बघतो. आमच्याकडे केळीला ठिबक नाही असं रान शोधावं लागेल. आमचे वडील केळीला पाटानं पाणी देत तेव्हा बाग अठरा महिने रानात असायची. टिश्यू कल्चरची रोपं आणि रोजचं खत यांनी ती बारा महिन्यांवर आली. हिशेबात हे धरायला हवं, कारण सहा महिन्यांचं पाणी तिथेच वाचलं.

खारींचा त्रास कोणाला आहे का? उन्हात तहानेनं नळ्या कुरतडतात. आम्ही झाडाखाली मातीच्या थाळ्यांत पाणी भरून ठेवतो. निम्म्यानं त्रास कमी झाला.

नवखा_पुणे

छान धागा. मी नोकरी सांभाळून गावाकडची दोन एकर बघतो. प्रश्न साधा आहे. रोज किती मिनिटं मोटार चालवायची हे तुम्ही प्रत्यक्ष कसं ठरवता? मोबाइलवरून व्हॉल्व्ह चालू-बंद करणारी यंत्रणा घ्यावी का?

माढेकर

@नवखा_पुणे, यंत्रणा नंतर घ्या, आधी खुरपं घ्या. सकाळी मोटार सुरू करायच्या आधी ड्रिपरपासून वीतभर अंतरावर नऊ इंच खोल माती काढायची आणि मुठीत दाबायची. गोळा झाला आणि तळहाताला पाणी लागलं, तर आज सुट्टी. गोळा झाला, हात जेमतेम ओलसर आणि अंगठ्यानं दाबल्यावर गोळा फुटला, तर वाफसा आहे, ठरलेली मिनिटं द्या. गोळाच होत नसेल तर वाढवा. काळ्या रानात हे चालतं. मुरमाड रानात नऊ इंचांवर कळत नाही, तिथे रोज थोडं थोडंच द्यावं लागतं. आठ दिवस हे केलं की हाताला अंदाज येतो. व्हॉल्व्ह मोबाइलवर घेतला तरी मिनिटांचा आकडा तुम्हालाच भरायचाय.

शिरोळचा_मळा

आमच्या कृष्णाकाठी रडगाणं उलटं आहे. पाणी कमी कधीच नव्हतं. नदी उशाशी, उपसा योजना दाराशी, एकरी ठरलेली पट्टी भरली की हवं तेवढं पाणी. त्यातून जमिनी चिबड, म्हणजे कायम पाणथळ झाल्या, मग खारवट. माझ्या चुलत्यांच्या तीन एकरांवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो, गवतसुद्धा धड उगवत नाही. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो आणि तो खर्च ठिबकाच्या वर जातो. त्यामुळे आमच्याकडे ठिबकाचा हिशेब 'किती पाणी वाचलं' असा मांडायचा नाही, 'जमीन वाचली का' असा मांडायचा.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी घ्या, विशेषतः बोअरचं मचूळ पाणी असेल तर. ठिबकानं मुळापाशी ओला गोल तयार होतो आणि क्षार त्या गोलाच्या कडेला जाऊन बसतात. पहिला हलका पाऊस आला की तेच क्षार धुऊन मुळाशी येतात आणि पीक एका रात्रीत माना टाकतं. असा पाऊस सुरू झाला की मोटार बंद करू नका. उलट पाऊस चांगला मुरेपर्यंत ठिबक चालू ठेवा, म्हणजे क्षार बाहेरच राहतात. पावसात मोटार चालवताना लोक वेड्यात काढतात. काढू द्या.

कोरडवाहू_केज

माढेकर दादा, सगळं वाचलं. तुमच्या आकड्यांवरून मी माझे आकडे काढले, ते इथे ठेवते.

माझं दोन एकर कोरडवाहू रान, केज तालुका. विहीर नाही. ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. भरलं तर वीस लाख लिटरच्या आसपास पाणी राहतं, पण उन्हानं बरंच उडतं आणि दरवर्षी पूर्ण भरतं असंही नाही. बचत गटाकडून कर्ज काढून तुरीला ठिबक केलं. तुरीला मी फक्त दोनदा पाणी देते, एकदा फुलोऱ्यात आणि एकदा शेंगा भरताना. दर वेळी एकरी ८०,००० लिटर. म्हणजे दोन एकरांचं, दोन्ही पाण्यांचं मिळून ३ लाख २० हजार लिटर.

दादा, तुमच्या उसाच्या एका एकराची पाटानं एक भरणी होते ना, तेवढ्यात माझ्या दोन एकर तुरीचं अख्खं वर्ष निघतं. पाणी दिल्यापासून एकरी चार क्विंटलची सात झाली. दोन एकरांत सहा क्विंटल जास्त. क्विंटलला सात हजार धरले तरी ४२,०००. मग लिटरमागे कोणी जास्त कमावलं?

हे मी भांडायला लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की ठिबकाचं अनुदान ज्याच्याकडे आधीच विहीर आहे त्याला सोपं जातं. आधी पूर्ण बिल भरा, मग वाट बघा. माझ्याकडे तेवढे पैसे असते तर मी गटाचं दार ठोठावलं असतं का? व्याजाचे हप्ते मी चौदा महिने भरले. कागदपत्रांत सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव, बँकेचं खातं माझं, म्हणून अर्ज दोनदा परत आला. बायका शेती करतात, जमीन मात्र त्यांच्या नावावर नसते, आणि अशा प्रत्येक योजनेत हे असंच आडवं येतं.

माढेकर

ताई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. लिटरमागचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. मी आपला एकरामागे आणि टनामागेच मोजत राहिलो.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. माढेकरांच्या विहिरीचे कोडे सुटण्यासारखे आहे, म्हणून लिहितो.

पाटाने दिलेले पाणी सगळे वाया जात नाही. पिकाला लागते त्याहून जास्त दिलेल्या पाण्यातला बराच भाग खाली मुरतो आणि आपल्या किंवा खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत परत येतो. आपला दगड काळा पाषाण. त्यात पाणी साठायला जागा थोडी, भेगा आणि कुजलेला मुरूम एवढीच. त्यामुळे हे परत येणे लवकर होते आणि लवकर दिसते. ठिबकामुळे ते मुरणे थांबले. मोटारीचे तास कमी झाले, जवळजवळ तेवढेच विहिरीत परत येणारे पाणीही कमी झाले. खरी बचत म्हणजे उघड्या जमिनीवरून उडून जाणारे पाणी थांबले तेवढीच. आणि ते 'वाचलेले' पाणी तुम्ही तिसऱ्या एकरातल्या उसाला दिलेत. त्या उसाने ते हवेत सोडले, ते परत येणार नाही. म्हणून शिवारातल्या प्रत्येकाच्या वहीत बचत दिसते आणि सगळ्यांच्या विहिरी मिळून कोरड्या पडतात.

कायद्यात याचा विचार झालेला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात अधिसूचित क्षेत्रातल्या बारमाही पिकांना ठिबक किंवा तत्सम पद्धत असेल तरच कालव्याचे पाणी द्यावे अशी तरतूद आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करायचे ठरवले आणि २ टक्के व्याजाने कर्जाची सोयही जाहीर केली. पण कालव्यावर ठिबक करायचे तर पाळी येते तेव्हा पाणी साठवायला तळे हवे, त्यात अडकलेली जमीन आणि प्लास्टिकचा खर्च कोण सोसणार? आणि पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर घेतली जात असेल, मोजून घेतली जात नसेल, तर कालव्यावरचा शेतकरी पाणी कशाला वाचवेल? नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळच्या वाघाड धरणावर पाणीवापर संस्था मोजून पाणी घेतात. तिथे शेतकऱ्याला आपला वाटा आधी माहीत असतो, मग तो त्यात द्राक्ष बसवतो की भाजीपाला, हे तो ठरवतो. वाटा ठरलेला असेल तर ठिबकाचा फायदा शेतकऱ्याला होतो आणि धरणालाही.

विहिरीवर मात्र वाटा ठरवणारे कोणी नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. म्हणजे तास वाचवून बिलातही फरक पडत नाही. मी मोफत विजेच्या विरोधात नाही, शेतकऱ्याची अवस्था मला ठाऊक आहे. पण पाणी उपसण्याला आता कुठेच लगाम उरलेला नाही हे नोंदवले पाहिजे.

गूळ_आणि_गव्हाण

पाटकरी साहेब, पटलं. पण ऊस का सुटत नाही हे पण बोला. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर आहे. बिल उशिरा येईल, दोन तुकड्यांत येईल, पण येतं. कांद्याचं तसं आहे का? तूर निघायच्या वेळी भाव पडला तर ताईंचे ते ४२,००० निम्मे होतील. गारपीट झाली तर ऊस वाकतो, द्राक्ष झोपतं. ज्या घरात पोरीचं लग्न आणि पोराची फी आहे तो माणूस खात्रीचं पीक सोडणार नाही. तुम्ही तुरीला उसासारखी खात्री द्या, ठिबक आपोआप तुरीकडे जाईल.

कोरडवाहू_केज

हे शंभर टक्के खरं आहे. गेल्या वर्षी मी तूर दोन महिने घरात ठेवली होती.

केळीबाग_यावल

नवीन बसवणाऱ्यांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. दरपत्रक जुनं देत असतील तर विचारा. अनुदान आता मुख्यमंत्र्यांच्या शाश्वत सिंचन योजनेची भर धरून अल्पभूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के, पण माढेकर भाऊंनी सांगितलं तसं ते ठरलेल्या मापावर. एकदा घेतलं की त्याच रानाला सात वर्षं परत नाही. म्हणून नळी जाड घ्या, आयएसआय शिक्का बघूनच घ्या. हलकी नळी तीन वर्षांत फाटते आणि मग चार वर्षं सगळा खर्च खिशातून.

नवखा_पुणे

तोडणीच्या वेळी नळ्यांचं काय करता? आमच्याकडे गेल्या वर्षी तोड झाल्यावर कोणीतरी पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवलं आणि अर्ध्या एकराची नळी वितळून सरीला चिकटली.

माढेकर

वाचून वाईट वाटलं. तोडीच्या दोन दिवस आधी नळ्या ओढून गुंडाळायच्या, सबमेनपासून सोडवायच्या आणि बांधावर ठेवायच्या. दोन माणसं, एकराला एक दिवस. टोळीच्या मुकादमाला आधीच सांगायचं की पाचट पेटवायचं नाही, ते आम्ही सरीत दाबतो. पाचट दाबल्यापासून खोडव्याला पाण्याची पाळी लांबली आहे. गुंडाळायच्या आधी आम्लाची प्रक्रिया करून घेतो, म्हणजे ड्रिपरमधला चुना सुटतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे घालून. आणि ब्लिचिंग पावडर त्याच दिवशी चुकूनही वापरू नका, विषारी वायू होतो. आम्ल चोवीस तास नळीत ठेवून मग टोकं सोडून धुवायचं.

आता पाटकरी साहेबांच्या बोलण्यावर. आम्ही तिघा भावांनी रविवारी बसून ठरवलं. वाढवलेला तिसरा एकर खोडवा निघाला की मोडायचा. तिथे तूर घ्यायची, त्याच नळ्यांवर, फुलोऱ्याला आणि शेंगांना मिळून दोन पाणी. धाकटा भाऊ नाराज आहे आणि त्याचं चूक नाही, गूळ_आणि_गव्हाण म्हणतात ती खात्री त्याला सोडवत नाही. म्हणून दोन वर्षंच करून बघायचं असं ठरलंय. विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून दर पंधरवड्याला माप घ्यायचं काम पुतण्याकडे दिलंय. काल पहिलं घेतलं, २३ फूट. पुढची मापं याच धाग्यावर टाकत जाईन.

केजच्या ताई, तुम्ही तुरीची कुठली जात घेता आणि दोन ओळींत अंतर किती ठेवता, तेवढं सांगा. नळ्या पाच फुटांवरच आहेत.

कोरडवाहू_केज

पाच फूट चालेल दादा, ओळ नळीवरच घ्या. जातीचं उद्या सकाळी पिशवी बघून लिहिते. एक लक्षात ठेवा, कळी दिसायच्या आधी पाणी सोडू नका, नुसता पालाच वाढतो.